लाल वही त्यांना परत द्या

प्रश्न : यांचे वय ५९, माझे ५४. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. हे साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून गेल्या वर्षी निवृत्त झाले. सव्वादोन वर्षांपूर्वी पाठदुखीचे निमित्त झाले. मणक्याची गादी सरकली असेल म्हणून तीन महिने पट्टा बांधला, शेक घेतले, आणि शेवटी मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतला रक्ताचा कॅन्सर, निघाला. इंजेक्शने झाली, मग पुण्यात स्वतःच्याच पेशींचे बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाले, त्याला आता दीड वर्ष होईल. सध्या कॅप्सूल चालू आहे आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आहे. पण घरात कुणाच्याच जिवाला स्वस्थता नाही. रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येतो, तो आधी मला फोन करतो आणि मग मी यांना सांगते. हे माझ्यासमोर हसतात, मीही यांच्यासमोर हसते. इंजेक्शनांच्या काळात एकदा यांनी जेवणाचे ताट ढकलून दिले होते, बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्याबद्दलही आम्ही कधी बोललो नाही. मागच्या महिन्यात रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मी हॉलमधल्या माझ्या अंथरुणावरून उठून पाहिले, तर हे लाल कापडी बांधणीच्या वहीत काहीतरी लिहीत होते. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. पहिल्या पानावर ‘हिच्यासाठी’ असे लिहिले आहे. आत विम्याच्या पॉलिसींचे क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, लॉकरची किल्ली कुठे आहे, कुणाकडून किती येणे आहे, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला तर कुणाला बोलवायचे, असे सगळे. माझे हातपाय गळाले. मी वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. हे चार दिवस घरभर ती शोधत होते, पण मला एका शब्दाने विचारले नाही. मुलगा म्हणतो, आई, पॉझिटिव्ह राहा, बाबांनाही ठेव. यांनी हे असले अभद्र विचार सोडून द्यावेत म्हणून मी यांच्याशी काय बोलू?

उत्तर :

ताई,

माझे उत्तर तुम्हाला रुचणार नाही असे वाटते, म्हणून ते आधीच सांगून टाकते. यजमानांनी ते विचार सोडून द्यावेत यासाठी काहीही बोलू नका. वही साड्यांखालून काढा आणि त्यांच्या हातात द्या. कशी द्यायची ते शेवटी लिहिते. आधी ती का द्यायची हे सांगणे भाग आहे, कारण ती लपवताना तुमच्या मनात मायेखेरीज आणि काळजीखेरीज दुसरे काही नव्हते हे मला दिसते आहे.

ज्या माणसाने नोकरीची सारी वर्षे कारखान्याचे हिशेब सांभाळले, दर मार्चअखेरीला येणे-देणे जुळेपर्यंत ज्याला घास गोड लागला नसेल, त्याला आयुष्यातली सर्वांत मोठी भीती वाटू लागल्यावर तो काय करील? मोकळेपणाने रडणे त्याला जमणार नाही, बायकोच्या खांद्यावर डोके टेकणे त्याला कुणी शिकवलेले नाही. तो वही उघडेल आणि जे अजून आपल्या हातात आहे त्याची नीट नोंद करील. तुम्ही दिलेल्या तपशिलात मरणाविषयी एक अक्षर नाही, हे तुमच्या लक्षात आले का? गॅस संपल्यावर तुमची अडचण होऊ नये, कुणी तुमचे पैसे बुडवू नयेत, मोटर बंद पडली म्हणून ऐन उन्हाळ्यात तुम्हाला दारोदार फिरावे लागू नये, एवढाच त्या पानांचा विषय आहे. मला विचाराल तर बत्तीस वर्षांत त्यांनी तुम्हाला लिहिलेले हे सर्वांत लांब पत्र असावे, आणि ते लिहून पुरे होण्याआधीच ते कपाटात गेले. चार दिवस ते वही शोधत राहिले आणि तुम्हाला विचारले नाही, याचा अर्थ ती कुणाजवळ आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले असणार. दोघांच्या घरातून वही जाऊन जाऊन जाणार कुठे? तुम्हाला ओशाळे वाटू नये म्हणून त्यांनी विचारले नाही, त्यांना धक्का बसू नये म्हणून तुम्ही सांगितले नाही, आणि दोघेही आपापल्या जागी जागे राहिलात.

एक खबरदारी मात्र घ्या. आवराआवर करणारा प्रत्येक माणूस नुसताच व्यवहारी असतो असे नाही. यजमान औषध चुकवू लागले, जेवण तुटले, आपण तुम्हा सर्वांवर भार झालो आहोत असे म्हणू लागले, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ त्यांचे मन कशातच लागेनासे झाले, तर त्यांना सरळ विचारा, ‘कधी जगणंच नकोसं वाटतं का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत अडकलेला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असे आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तुमच्या पत्रावरून तरी मला यजमानांची लक्षणे तशी वाटत नाहीत. त्यांना भीती वाटते आहे, आणि भीती म्हणजे खचणे नव्हे.

तुम्ही त्या लिखाणाला अभद्र म्हटले आहे. तो शब्द तुमच्या एकटीचा नाही, आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेला आहे. तिन्हीसांजेला वेडेवाकडे बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे ऐकतच आपण वाढलो. घराबाहेर पडताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणायचे, बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचे, दिवा विझवायचा नाही, मालवायचा. माझी आजी आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांसमोरसुद्धा त्या दुखण्याचे नाव घेत नसे. ‘ते त्यांचं आहे ना’ एवढेच म्हणे आणि डॉक्टरही समजून घेत. या रीतीला मी हसत नाही. भीतीला शब्दांनी थोडे दूर लोटायचे, एक रात्र निभावून न्यायची, यासाठी आपल्या बायकांनी जपलेले ते शहाणपण आहे. पण ते एका रात्रीपुरते, एका प्रवासापुरते पुरते. मायलोमा हा वर्षानुवर्षे सोबत करणारा आजार आहे, आणि इतकी वर्षे एखादी गोष्ट न बोलता ठेवायची तर तिच्याभोवतीचे बोलणेही हळूहळू बंद पडते. आधी आजाराचे नाव जाते, मग पुढच्या दिवाळीचे बेत जातात, मग जुने रुसवेफुगवेही जातात, कारण आजारी माणसाशी भांडायचे कसे? शेवटी उरते ते ‘चहा ठेवू का’ आणि ‘गोळी घेतली का’.

एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून लपवणे, या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी १९९१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेले पुरुष आणि त्यांच्या पत्नी यांच्याविषयी लिहिताना या वागण्याला वेगळे नाव दिले. नवऱ्याला ताण नको म्हणून आपली काळजी दडपणाऱ्या स्त्रियांचा स्वतःचा मानसिक त्रास अधिक होता, असे त्यांना आढळले. पुढे कॅन्सरग्रस्त जोडप्यांच्या पाहण्यांतही असेच चित्र अनेकदा दिसले. ज्याचा त्रास मुळात जास्त तोच जास्त लपवत असेल, असाही याचा अर्थ लावता येतो, हे मी मान्य करते. पण आजारी माणसाच्या घरातल्यांशी मी जेवढे बोलले आहे त्यावरून माझे मत असे की लपवलेले लपत नाही. हसण्याची वेळ किंचित चुकते, फोन वाजल्यावर कुणीतरी उठून गॅलरीत जाते, आणि समोरच्याला जे समजते ते खऱ्यापेक्षा भयंकर असते, कारण त्यात त्याची कल्पना मिसळलेली असते.

तुमच्या मुलाच्या ‘पॉझिटिव्ह राहा’विषयी थोडे बोलते. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणणारी पिढी गेली आणि तिच्या जागी हे आले. मुलाचा हेतू चांगलाच आहे. दूर राहणाऱ्या मुलाला आईच्या आवाजातला कंप ऐकवत नाही, म्हणून तो हे म्हणतो. पण या वाक्याच्या पोटात एक दडपण आहे, की आपण घाबरलो तर आजार बळावेल आणि उद्या काही झाले तर त्याचा दोष आपल्या मनाच्या दुबळेपणाकडे येईल. मघाशी ज्यांचे नाव घेतले त्या कॉइन यांनीच सहकाऱ्यांसह २००७ मध्ये डोके आणि मान यांच्या कॅन्सरच्या एक हजाराहून अधिक रुग्णांची माहिती तपासली, आणि रुग्णाची मनःस्थिती व तो किती काळ जगला यांचा काही संबंध त्यांना सापडला नाही. तो कॅन्सर वेगळा आहे हे खरे, पण घाबरल्याने कॅन्सर वाढतो असे रक्ताच्या कॅन्सरबाबतही सिद्ध झालेले नाही. तेव्हा यजमान रात्री अडीच वाजता घाबरले म्हणून त्यांच्या मज्जेतल्या पेशींना काही बळ मिळणार नाही. त्यांना घाबरू द्या. तुम्हीही घाबरा. फक्त दोघे एका खोलीत घाबरा.

यजमानांची भीती निराधार नाही, हेही स्वच्छ बोलले पाहिजे, कारण ते बोलले नाही तर माझ्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मायलोमा आजच्या औषधांनी बहुतेकांचा आटोक्यात येतो, पण तो समूळ गेला असे डॉक्टर सहसा म्हणत नाहीत. तो केव्हातरी पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता असते, म्हणून तर ट्रान्सप्लांटनंतरही कॅप्सूल चालू ठेवतात. पुन्हा वर आला तर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक औषधे आज हाताशी आहेत, आणि उपचारांच्या आधारे पुष्कळ माणसे अनेक वर्षे आपापली कामे करीत राहतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. ‘काही होणार नाही हो’ असे तुम्ही म्हणता तेव्हा हिशेबात मुरलेला माणूस मनात म्हणतो, हिला एक तर माहीत नाही किंवा ही मला फसवते आहे, आणि तो आपली वही घेऊन स्वयंपाकघरात जातो.

आता तपासणीच्या दिवसांविषयी. अहवाल आधी मुलाला, मग तुम्हाला आणि शेवटी ज्याचे रक्त आहे त्याला, ही व्यवस्था मोडा. मुलाचा फोन येऊन गेल्यावर यजमान तुमचा चेहरा वाचत बसत असतील, आणि चेहऱ्यावर आकडे नसतात. अहवाल कुणाच्या फोनवर यावा, कुणी उघडावा, कधी उघडावा, हे त्यांनाच विचारा. काही माणसांना तो डॉक्टरांच्या समोरच ऐकायचा असतो, तर तोपर्यंत घरात कुणीच उघडायचा नाही, मुलानेही नाही. त्यात एम प्रोटीनचा, म्हणजे मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनाचा, जो आकडा असतो तो ०.२ चा ०.३ झाला की घराघरांत जेवणे थांबतात, हे मी पाहिले आहे. आजार वाढला असे ठरवण्यासाठी जे निकष जगभर वापरले जातात त्यांत हा आकडा आजवरच्या सर्वांत खालच्या पातळीपेक्षा निदान पंचवीस टक्क्यांनी आणि शिवाय निदान ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढावा लागतो, आणि तपासणी पुन्हा करून खात्री करतात. आकडा पूर्ण शून्य झाला होता किंवा इतर तपासण्या बदलल्या तर विचार वेगळा करावा लागतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण दशांश चिन्हानंतरचा एक अंक हलला म्हणून रात्र जागवायची गरज नसते. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा आणि एका अहवालापेक्षा चार अहवालांचा कल पाहा. यजमानांना तो तक्ता आखायला सांगितलात तर माझ्या मते त्यांना आवडेल.

कोणत्या गोष्टीला घाबरून धावायचे हे ठरलेले असले की बाकीच्या गोष्टींना कमी घाबरता येते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पायांतली शक्ती जाणे किंवा पाय बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, एका पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखणे, दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. कुठेही नवे हाड दुखू लागून ते काही दिवस तसेच राहिले तर फोन करून वेळ घ्यायची. फ्रिजच्या दारावर एवढे लिहून त्याखाली क्रमांक चिकटवा. मणक्याच्या गादीच्या नावाखाली तुमचे तीन महिने गेले, त्यामुळे आता त्यांनी नुसती कूस बदलताना ‘आई गं’ म्हटले तरी तुमच्या पोटात गोळा येत असणार, ते साहजिक आहे. आणि हो, नातेवाइकांच्या गटात कार-टी उपचाराची, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याच्या उपचाराची, बातमी फिरत तुमच्याकडे आली असेल. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून आलेला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालेला तो उपचार बी पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरांसाठी आहे, मायलोमासाठी नाही. त्या बातमीवरून आशाही नको आणि ‘आपण मागे राहिलो’ अशी हळहळही नको.

ढकललेल्या ताटाची गोष्ट तुम्ही दोन ओळींत लिहिली, पण ती अजून टोचते आहे हे कळते. इंजेक्शनांच्या त्या काळात बहुतेक रुग्णांना आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत देतात. त्याने त्या रात्री झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, कधी उगाच उत्साहात येतो आणि एक-दोन दिवसांनी अगदी गळून जातो. अनेक घरांत तो वार ठरलेला असतो आणि त्या दिवशी कुणी फारसे बोलत नाही. कुणी आधी सांगितले असते तर तुम्हीही ते ताट औषधाच्या खात्यावर टाकले असते. जुनी कागदपत्रे काढून तो दिवस आणि त्या गोळ्यांची तारीख जुळते का ते पाहा. जुळली तर त्यांना सांगा. त्या ताटाची लाज तेही उराशी बाळगून असतील असा माझा कयास आहे.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला वहीपेक्षाही जास्त लागला. ‘हॉलमधल्या माझ्या अंथरुणावरून’ असे तुम्ही सहज लिहून गेलात. ट्रान्सप्लांटहून आल्यावर जंतुसंसर्ग नको म्हणून तुम्ही अंथरूण बाहेर टाकले असणार, आणि तेव्हा ते बरोबरच होते, कारण त्या उपचारानंतरचे पहिले काही महिने रोगप्रतिकारशक्ती फार खाली गेलेली असते. पण आता दीड वर्ष झाले. सतरंजी रोज सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते आणि ती आत न्यावी असे दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. तुम्हाला वाटत असेल त्यांच्या हाडांना धक्का लागेल, त्यांना वाटत असेल हिला आता आपली किळस येते किंवा ही आपल्या जाण्याची सवय करून घेते आहे. माणसे असेच काहीतरी वाटून घेतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, लाजू नका. ‘आम्ही एका खोलीत झोपलो तर चालेल का, जवळ आलो तर चालेल का, पाठीला कसे सांभाळायचे,’ इतक्या स्पष्ट शब्दांत विचारा. तुम्हाला सर्दी-खोकला असेल त्या रात्री बाहेर झोपा, इतकेच पथ्य त्यांनी सांगितले तर मला नवल वाटणार नाही. रात्री अडीच वाजता जाग आल्यावर शेजारी कुणी श्वास घेते आहे हे कळण्याने जे होते ते दिवसभराच्या बोलण्याने होत नाही.

बोलण्याचेही सांगते, कारण तुम्ही तेच विचारले होते. समोरासमोर बसून ‘चला, आता मन मोकळं करू’ असे म्हणू नका, तुमच्या यजमानांसारखा माणूस तिथून उठून जाईल. शेताच्या बांधापर्यंत फेरी मारताना, शेंगा सोलताना, गाडीत, म्हणजे नजर दुसरीकडे असताना पुरुषांना बोलता येते. सुरुवात त्यांच्या भीतीपासून करू नका, तुमच्या भीतीपासून करा. ‘तपासणी जवळ आली की माझ्या पोटात खड्डा पडतो. तुमचं काय होतं?’ आणि मग गप्प राहा. ते जे बोलतील त्यावर ‘असं बोलू नका हो’ हे तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. पहिल्या दिवशी ते नुसते ‘हं’ म्हणाले तरी त्याची नोंद जमेच्या बाजूला करा. रोज बोलू नका, फार वेळ बोलू नका. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे या विषयाला द्यावीत आणि नंतर चहा घेऊन मालिका पाहावी. भीतीलाही वेळ ठरवून दिली की ती इतर वेळी थोडी कमी येते, असा अनेकांचा अनुभव आहे. आणि मधेच हसू आले तर हसा. आजारी घरात हसायला बंदी नसते, आणि चार दिवस लपवाछपवीत गेलेल्या त्या वहीच्या प्रकरणात हसण्याजोगेही काही आहे, हे एक दिवस तुम्हा दोघांनाही जाणवेल.

हाताने लिहून फोटो काढून पाठवलेल्या तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ खोडलेली आहे. ती मी वर छापली नाही, पण ती वाचता येते, आणि तिच्याविषयी न बोलता हे पत्र बंद करणे मला जमणार नाही. सवाष्णपणी आपणच आधी जावे, अशा अर्थाची ती ओळ आहे. आपल्याकडे बाई असे म्हणाली की लोक तिला पतिव्रता म्हणतात आणि विषय संपतो. मला त्या ओळीत वेगळे दिसले. मागे राहण्याची भीती, एकटीने व्यवहार पाहण्याची भीती, हळदीकुंकवाच्या दिवशी कुणीतरी पुढे केलेला करंडा आपल्यापाशी येऊन मागे घेतला जाईल याची भीती, आणि कदाचित थोडा संतापही, की सगळे त्यांची चौकशी करतात आणि माझी कुणी करत नाही. हे सगळे यजमानांच्या पदरात घालू नका, ते त्यांना पेलणार नाही. त्यासाठी दुसरा कान हवा : बहीण, जुनी मैत्रीण, किंवा रुग्णालयातल्या समुपदेशक, ज्या नातेवाइकांशीही बोलतात. पण त्याचा एक छोटा भाग त्यांना कळायला हरकत नाही. ‘मला एकटं राहायची भीती वाटते’ हे वाक्य त्यांना दुबळे करणार नाही. ते तर त्यांनी केव्हाच ओळखले आहे, म्हणून तर ती वही. त्या खोडलेल्या ओळीतला विचार फक्त भीतीपुरता न राहता खरेच मरावेसे वाटू लागले, तर मघाचा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. आणि तुमचा रक्तदाब शेवटचा केव्हा तपासला होता? तपासून घ्या.

वही परत देताना कारण सांगू नका, निमित्त सांगू नका. सकाळच्या चहाबरोबर समोर ठेवा आणि म्हणा, ‘ही मीच ठेवली होती. मला भीती वाटली.’ एवढेच पुरे. नंतर त्यांच्या शेजारी बसून ती पहिल्या पानापासून वाचा आणि जे कळत नाही ते विचारा. नॉमिनीची नोंद कुठे आहे, कुठे नाही हे बघा. नॉमिनी म्हणजे प्रत्येक वेळी मालकच असे नव्हे, हे त्यांना माहीत असेल, तुम्हालाही असावे. मृत्युपत्र करायचे असेल तर ते दोघांनीही करा. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते, नोंदणी केली तर चांगले, पण सक्तीची नाही. आणि त्याच वहीची शेवटची काही पाने तुम्ही मागून घ्या. वर ‘यांच्यासाठी’ असे लिहा. गौरीचे सामान माळ्यावरच्या कोणत्या डब्यात आहे, दुधाचा हिशेब कसा ठेवायचा, सुनेची कोणती गोष्ट मनाला लावून घ्यायची नाही, हे त्यांना कुठे माहीत आहे? कोण आधी जाणार हे वहीला ठाऊक नसते, आणि एकाच घरात एकानेच आवराआवर करावी असा काही नियम नाही.

पण पहिल्या दिवशी एवढे सगळे नको. पहिल्या दिवशी मोटरचे विचारा, कारण ते तुम्हाला खरोखरच कळले नसणार. त्यांच्याबरोबर विहिरीवर जा, स्टार्टरचे हिरवे बटण स्वतः दाबा, पाणी आले नाही तर आधी काय पाहायचे ते त्यांना दाखवायला सांगा. शेतीची वीज तुमच्याकडे कोणत्या वारी दिवसा असते आणि कोणत्या वारी रात्री, हे त्यांनी लिहिले आहे का ते बघा. नसेल तर ती ओळ तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा.